उन्हाचं निमित्त

४ मे, रविवार

सौ. काल हैदराबादला गेली. लेकीचं बाळंतपण, म्हणजे पावसाळा लागेपर्यंत तरी तिकडेच. स्टेशनवर बजावून गेली, "आईंना उपाशी ठेवू नका." मी म्हटलं, मी काय लहान आहे?

आज खिचडी खाली लागली. स्वैपाकघरात पाय ठेववत नाही, भिंतीसुद्धा तापलेल्या. आई दोन घास खाऊन उठली. "तोंडाले चव नाही रे बाबू." त्र्याऐंशीचं वय आणि हे ऊन.

दुपारी मागच्या भिंतीवरून शोभावहिनींनी हाक मारली. त्यांचा नवरा रामटेके आणि मी एकाच वर्षी भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये लागलो, एकाच स्टोअरमध्ये, क्वार्टरंही लागून. वहिनी भिलाई-३ ला रेल्वेच्या ऑफिसात. डबा पुढे केला. भरली वांगी. "तुमच्यासाठी आहे भाऊ." तुमच्यासाठी म्हणजे माझ्यासाठी. आई त्यांच्याकडचं शिजवलेलं खात नाही, हे त्यांना पहिल्यापासून माहीत आहे. ते बौद्ध, आम्ही... असो. जुनी बाई, आता काय बदलणार. मी स्वतः काहीच पाळत नाही. रामटेकेच्या डब्यात रोज हात घालतो.

वांगी उभ्यानंच संपवली. संध्याकाळी डबा परत करताना काय तोंडात आलं कोण जाणे, म्हणून गेलो, "आईनंही चाखली. फार आवडली."

वहिनी पाहतच राहिल्या. "मावशींनी? खरं?"

खरं, म्हटलं.

६ मे, मंगळवार

आज पुन्हा डबा. या वेळी दोन कप्पे. "हे मावशींचं, तिखट कमी टाकलं." मुगाचं वरण, दुधीची भाजी. दोन्ही कप्पे मीच खाल्ले, दार लोटून. आई पलीकडच्या खोलीत पडून होती. तिला मी ताक-भात दिला, तो तसाच राहिला.

पोट जड. मन त्याहून जड. शिष्टाचार म्हणून बोललो होतो. एवढ्याशा गोष्टीला खोटं म्हणतात का?

म्हणतात.

७ मे, बुधवार

स्टोअरमध्ये रामटेके खुशीत. चहा त्याच्याकडून. "शोभा काल संध्याकाळभर गात होती बे. म्हणे मावशींनी माह्या हातचं खाल्लं. तीस वर्षांत पहिल्यांदा." माझ्या पाठीवर थाप मारली. जसं काही मीच समजावलं आईला.

सांगायची वेळ तेव्हाच होती. चहा पीत बसलो.

८ मे, गुरुवार

एक मार्ग सापडला. वहिनींच्या वेलाच्या काकड्या भिंतीवर ठेवलेल्या असतात, ज्याला हव्या त्यानं न्याव्या. मीठ लावून आईला दिली. "शोभाच्या वेलाची का? गोड आहे." अख्खी खाल्ली.

म्हणजे कच्चं चालतं. आजीच्या वेळेपासून घरात हेच ऐकलंय, चुलीवर चढलं नाही त्याला काही लागत नाही. फळ, शिधा, भाजीपाला कोणाच्याही घरचा. हे कसं सुचलं नाही आधी.

९ मे, शुक्रवार

भिंतीपाशी वहिनींना म्हटलं, "या उन्हात तुम्ही आमच्यासाठी चुलीपाशी उभ्या राहू नका. ऑफिसातून थकून येता. करायचंच तर बिनचुलीचं काही करा. थंड."

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मी खाली पाहिलं. "भाऊ, आमच्या घरात हे कोणाले सुचलं नाही. मी करते. भिजवलेली मुगाची डाळ, कैरीचा कीस, कांदा, सांभाराची हिरवी पानं. काकडीत भरते, टमाट्यात भरते. दाण्याचा कूट टाकते, नाही तर मिळून नाही येत."

"दाणे नको."

"कावून?"

"आईला पित्त होतं."

दाणे भाजावे लागतात. त्यांच्या तव्यावर. हा हिशेब मी उभ्या उभ्या केला. त्या म्हणाल्या, बरं, मग वरून फोडणी थंड करून घालते. मी म्हटलं, फोडणीही नको, तेलकट होतं. त्या म्हणाल्या, दही तरी? मनात आलं, दूध तापवल्याशिवाय दही कुठून येणार! मी म्हटलं, दही मी आणून देतो, पाकिटाचं.

पाकिटाचं दही कोणी तापवलं ते आपल्याला माहीत नाही, म्हणून चालतं. वा रे शास्त्री.

१० मे, शनिवार

आलं. परातीत मांडून. काकडीचे जाड तुकडे, मधून कोरलेले, आत पिवळी डाळ ठासलेली. टमाट्यांना झाकणंसुद्धा. बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवून भिंतीवरून दिलं.

आईनं टमाटा उचलला, वास घेतला, खाल्ला. मग दुसरा. मग काकडीचे. आठवड्यात पहिल्यांदा पोटभर. "कैरी मस्त लागून राहिली. कोणं केलं?"

"मी."

का? कच्चं होतं, शोभावहिनींचं म्हटलं असतं तरी तिनं खाल्लं असतं. पण मग तिनं त्यांना भिंतीवरून हाक मारून वाहवा केली असती, आणि गोष्ट वांग्यांपर्यंत गेली असती. एक खोटं झाकायला दुसरं. आईनं फोनवर सौ.ला सांगितलं, "पक्या सुगरण झाला वं." सौ. हसली. मला हसू आलं नाही.

११ मे, रविवार

निदान हे एक खोटं तरी खरं करावं म्हणून स्वतः करून पाहिलं. टमाटे कोरले, दोन फाटले. डाळ भिजवली, पिळली नाही. मीठ आधीच घातलं. तासाभरात ताटलीत तळं. आईनं पाहिलं, "कालचं कोणी दुसऱ्यानं केलं होतं काय?"

भिंतीपाशी गेलो. वहिनी हसून हसून बेजार. टमाटे कोरून उपडे ठेवा, निथळू द्या. डाळ फडक्यात घट्ट पिळा. मीठ अगदी वाढताना. मग हळूच म्हणाल्या, "मावशी काय म्हणाल्या कालच्याले?"

"दोनदा मागितलं."

हे मात्र खरं होतं. खरं बोलतानाही लाज वाटावी, अशी वेळ आणली मी.

१२ मे, सोमवार

बुद्ध पौर्णिमा. दर वर्षी रामटेके बाजारातल्या मिठाईचा बंद डबा आणून देतो. आज वहिनी स्वतः दारात. पांढरी साडी. हातात खिरीची कासंडी. "आज तर चुलीशिवाय नाही होत भाऊ. सणाची आहे. मावशींले माह्या हातानं देते."

मी म्हटलं, आई झोपली आहे. आई झोपली नव्हती. आतून तिच्या खोकल्याचा आवाज आला. वहिनींनीही ऐकला असणार. मी कासंडी घेतली. "उठली की देतो."

सगळी खीर मी खाल्ली. मोरीपाशी उभा राहून, नळ सोडून, चमच्याचा आवाज येऊ नये म्हणून. चारोळी, वेलची, साय. सत्तावन्न वर्षांचा माणूस. आईला खीर किती आवडते. एवढ्या दिवसांत गोड काही तिच्या तोंडात गेलेलं नाही.

कासंडी घासून दिली. "आईनं वाटी चाटून पुसून खाल्ली."

हे वाक्य लिहितानाही कान तापतात.

१५ मे, गुरुवार

रामटेके महिनाअखेर रिटायर होतो आहे, हे काही आज कळलं नाही. पण आज जेवणाचं सांगितलं. १ जूनला, रविवारी, घरी. नागपूर, राजनांदगावचे सगळे नातेवाईक.

"पहिला मान मावशींचा म्हणते शोभा. त्यांच्यासाठी सगळा मेनूच बदलला तिनं. मटण नाही, पुरी नाही. म्हणे नवतप्याच्या उन्हात कोण खाईन गरम. सगळं थंडं, सगळं भरलेलं. टमाटे, काकड्या, शिमला मिरच्या. माह्या रिटायरमेंटले लोकं काकड्या खाऊन जातीन का बे?"

हसत होता. बायकोवर, माझ्यावर, स्वतःवर. मी म्हटलं, अरे मटण ठेव ना. तो म्हणाला, "नाही यार. ती खुश आहे. राहू दे."

एका माणसाच्या आयुष्याचं जेवण मी चुलीवरून खाली उतरवलं. आज सांगतो, आज सांगतो म्हणत शिफ्ट संपली.

१८ मे, रविवार

झालं.

संध्याकाळी वहिनी आल्या, जेवणाचं आमंत्रण द्यायला. आई दारापुढच्या ओट्यावर बसून शेंगदाणे आणि गूळ खात होती. मी आत टमाटे निथळायला ठेवत होतो, खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. बाहेर जायला हवं होतं. पाय निघाले नाहीत.

वहिनी म्हणाल्या, "मावशी, दाणे खाऊन राहिल्या? पित्त होते न तुमाले?"

"मले? कोण म्हटलं? जलमभर खातो मी दाणे."

मग वहिनी, "भाऊ म्हणे दाणे टाकू नका. भरल्या टमाट्यात."

"टमाटे तू केले होते का वं? हा तर मी केले म्हणत होता." आई हसली. "म्हटलं, याच्या हाताले एवढी चव कुठून. अन् दाण्याचं मी कधी काही म्हटलं नाही. तुह्याकडचं शिजवलेलं मी नाही खात, ते तुले पहिल्यापासून ठाऊक आहे. दाण्याचं तर माह्या मनातही नव्हतं."

"पण मावशी, वांगे खाल्ले न तुमी? वरण? पुनवेची खीर?"

"कोणती खीर?"

मी टमाटा हातात धरून उभा. वहिनी मागे वळल्या. आमंत्रणही दिलं नाही. फाटकाची कडी वाजली तेव्हा मी बाहेर आलो.

आई माझ्याकडे पाहत होती. "पक्या, कोणती खीर रे?"

सांगितलं. सगळं. आईनं गुळाचा खडा ताटलीत ठेवला आणि आत जाऊन पडली. जेवली नाही. मीही नाही.

आईपेक्षा माझंच सोवळं कडक निघालं. भाजलेल्या दाण्यापर्यंत पोचलं. आणि मी म्हणे काही पाळत नाही.

१९ मे, सोमवार

वहिनी ऑफिसातून यायच्या वेळी त्यांच्या फाटकाशी उभा राहिलो. आत या म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितली. म्हटलं, आईचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, मला तुमचं मन दुखवायचं नव्हतं, उन्हात ती उपाशी होती...

त्यांनी बोलू दिलं. मग म्हणाल्या, "मावशींचं मले कावून सांगता? त्या तोंडावर बोलतात. तीस वर्षं नाही म्हणून राहिल्या. वाईट वाटे, मग सवय झाली. तुमी हो म्हटलं. ते लागलं."

मी त्यांच्या फाटकाची कडी उगाच वर-खाली केली.

"अन् उन्हाचं नाव केलं. मी ऑफिसात सगळ्या बायांले सांगून राहिली होती, आमचे प्रकाशभाऊ किती विचार करतात. चुलीपाशी उभ्या राहू नका म्हणे. माह्या नवऱ्यानं असं कधी म्हटलं नाही."

पर्स उघडून किल्ली शोधत होत्या. सापडत नव्हती. मी तिथून निघालो, त्यांचे डोळे पाहायची हिंमत नव्हती.

२१ मे, बुधवार

रामटेकेनं डबा खिडकीपाशी बसून खाल्ला, एकट्यानं. विचारलं तर म्हणाला, "तिकडे कूलरची हवा येते." कूलर आमच्या टेबलापाशी आहे.

संध्याकाळी सौ.चा फोन. तिला आईकडून कळलं होतं. वाटलं, ती तरी समजून घेईल. ती म्हणाली, "दिवाळीला आपण त्यांना घरचं फराळाचं ताट देतो. ते आपल्याला बाजारातला बंद डबा देतात. का देतात, विचार केलात कधी? आईंसाठी घरचा डबा घेऊन यायची हिंमत त्यांनी कधी केली नव्हती. तुमच्या एका वाक्यावर केली." मी म्हटलं, मग तू इतकी वर्षं काय केलंस? ती म्हणाली, "काही नाही केलं. म्हणूनच म्हणते."

मग बाळंतपणाच्या तारखेबद्दल बोलत राहिली. मला काही ऐकू आलं नाही.

२५ मे, रविवार

नवतपा लागला, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. सकाळी आठलाच रस्ता पांढरा. समोरचे साहू पहाटेच बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात, खाऊन दारं लावून बसले.

सकाळपासून मन लावून केलं. कडक टमाटे बघून आणले. कोरले, उपडे ठेवले, डाळ पिळून पिळून हात दुखले. कैरी, कांदा, सांभार. या वेळी दाणे भाजले, कूट घातला. फोडणीही केली, गार करून वरून घातली. एकही फुटला नाही. घेऊन गेलो.

वहिनींनी ताट घेतलं. घेणार नाहीत असं वाटलं होतं. झाकण उघडून पाहिलं. "चांगले झाले." मग म्हणाल्या, "भाऊ, आमाले तुमच्याकडचं शिजवलेलंही चालते. नेहमीच चाललं."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

घरी येऊन कूलरपुढे बसलो तरी घाम थांबेना. आईनं विचारलं, "घेतले का तिनं?" हो म्हटलं. तिनं एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्या घराचं विचारलं.

२८ मे, बुधवार

स्टोअरमध्ये सगळे रामटेकेच्या जेवणाबद्दल बोलतात. माझ्यासमोर थांबतात, की मलाच तसं वाटतं. सगळ्यांना बोलावणं गेलं आहे. मला अजून नाही. विचारायचं तरी कोणत्या तोंडानं. बत्तीस वर्षं शेजारी बसून हिशेब मिळवले. शेवटच्या आठवड्यात त्याचं टेबल खिडकीपाशी.

घरी आईला रोज मीच करून देतो आता. काकडी आणि टमाटे; शिमला मिरची कच्ची कडू लागते म्हणून सोडली. जमायला लागलं आहे. आई खाते. वाहवा करत नाही, मीही अपेक्षा करत नाही.

३० मे, शुक्रवार

संध्याकाळी रामटेके फाटकाशी. आत ये म्हटलं, आला नाही. कडीवर हात ठेवून उभा.

"परवा जेवण आहे. बारा वाजता. शोभानं मेनू फिरवला. मटण, पुरी, वरण-भात, खीर. सगळं चुलीवरचं."

"बरं केलं," म्हटलं.

"ये. बायकोनं नाही बोलावलं, मीच बोलावून राहिलो." थोडं थांबून, "मावशींलेही विचार. विचार म्हणतो मी, समजलं? त्यांच्या वतीनं तू नको ठरवू. त्या नाही म्हणतीन तर नाही. पण त्यांच्या तोंडचं नाही घेऊन ये. तुह्या तोंडचं आता आमच्या घरी नाही चालत."

गेला. जाताना हात वर केला, नेहमीसारखा. सवयीनं केला की मनानं, कळलं नाही.

३१ मे, शनिवार

प्लांटमध्ये निरोप समारंभ झाला. रामटेकेला शाल, नारळ. त्यानं भाषणात सगळ्यांची नावं घेतली, माझंही. "प्रकाश माझ्यासंग बत्तीस वर्षं एका डब्यात जेवला" एवढंच. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या.

आईला विचारायचं राहिलंच. सकाळी विसरलो, दुपारी ती झोपली होती, संध्याकाळी लाइट गेली. खरं काय ते लिहितो, निदान इथे. ती नाही म्हणेल असं धरून चाललो आहे. ती नाही म्हणाली की मी म्हणेन, आईला एकटीला उन्हात कसं सोडू, आणि घरीच राहीन. वहिनींच्या समोर जायचं टळेल. म्हाताऱ्या आईच्या पदराआड आजवर उभा होतो, अजूनही तिथंच जागा शोधतो आहे. शी.

१ जून, रविवार, सकाळ

विचारलं. चहा देताना. म्हटलं, रामटेकेकडे आज जेवण आहे, तुलाही बोलावलं आहे, सगळं शिजवलेलं आहे. वाक्य संपता संपता स्वतःच म्हणालो, "ऊन फार आहे, तुला नाही झेपायचं, नको जाऊस."

आईनं कपबशी खाली ठेवली. "तू मले विचारून राहिला का सांगून राहिला?"

"विचारतोय."

बराच वेळ पदरानं मान पुसत बसली. मग म्हणाली, "त्या पोरीनं माह्यासाठी खीर केली होती. मले पत्ताच नाही. तिले वाटलं असन, बुढी मऊ झाली. मी काही मऊ नाही झाली. पण माह्या नावानं तिले फसवलं, ते मले नाही आवडलं."

"मग सांगू, येत नाही म्हणून?"

"येईन मी. जेवीन का नाही, ते तिथं तिच्यापुढं बसून पाहीन. नाही जमलं तर तिले तोंडावर सांगीन. तू मधात बोलायचं नाही."

हे काही मी धरून चाललो नव्हतो.

अकरा वाजून गेले. पलीकडून पुऱ्यांचा वास येतो आहे, माणसांचे आवाज. आई ठेवणीतलं लुगडं नेसून, काठी घेऊन दारातल्या खुर्चीवर बसली आहे. मी अजून अंघोळही केलेली नाही.